गेमिंग प्रोसेसर की सर्व्हर प्रोसेसर? खरेदी करताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत पीसी जोडून देण्याच्या कामात दोन प्रकारची माणसं वारंवार भेटतात. पहिला प्रकार म्हणजे कोपरखैरणे, कळवा, कासारवडवली इथली कॉलेजातली मुलं. ऑनलाइन कुठेतरी १४ कोअरचा झिऑन (इंटेलचा सर्व्हर प्रोसेसर; कोअर म्हणजे त्यातला स्वतंत्रपणे काम करणारा भाग), बोर्ड आणि ३२ जीबी रॅम असा सेट स्वस्तात दिसलेला असतो, आणि 'काका, १४ कोअर इतक्या कमी पैशांत, घेऊन टाकू का?' असा प्रश्न असतो. दुसरा प्रकार नौपाड्यातल्या सीएंचा किंवा वागळे इस्टेटमधल्या लहान कारखानदारांचा. त्यांच्याकडे कुणीतरी काचेच्या कॅबिनेटमधला गेमिंग पीसी 'हाच तुमचा सर्व्हर' म्हणून बसवून गेलेला असतो. दोन्हीकडे पैसे जातात आणि हवं ते मिळत नाही. मी दोघांनाही आधी हेच विचारतो: या मशीनसमोर एकच माणूस बसणार आहे, की एकाच वेळी पुष्कळांची कामं तिच्यावर पडणार आहेत? आणि ती रात्रंदिवस चालू राहणार आहे का?

कोअर मोजून प्रोसेसर घेणं

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. थ्रेड म्हणजे कोअरवर चालणारी कामाची एक रांग, क्लॉक म्हणजे कोअरचा वेग आणि टर्बो म्हणजे गरजेला तात्पुरता वाढणारा वेग. झिऑन ई५-२६८० व्ही४ हा २०१६ चा प्रोसेसर आहे. १४ कोअर, २८ थ्रेड, बेस क्लॉक २.४ गिगाहर्ट्झ आणि टर्बोवर जास्तीत जास्त ३.३. त्याच्या शेजारी २०२२ चा कोअर आय५-१२४००एफ ठेवा: ६ कोअर, १२ थ्रेड, पण टर्बो ४.४ गिगाहर्ट्झ. शिवाय नव्या पिढीचा कोअर त्याच क्लॉकवर जुन्यापेक्षा बरंच जास्त काम उरकतो. गेमसाठी हा ६ कोअरवालाच पुढे असतो, आणि फरक डोळ्यांना दिसतो.

याचं कारण गेमच्या बांधणीत आहे. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या मॉनिटरवर पूर्ण वेगाने खेळायचं तर एक फ्रेम (एक चित्र) साधारण ६.९ मिलिसेकंदांत तयार व्हायला हवी. तेवढ्या वेळात खेळाडूची हालचाल, टकरींचा हिशेब, ग्राफिक कार्डाला द्यायच्या सूचना हे सगळं व्हावं लागतं, आणि त्यातला मोठा भाग एका मुख्य थ्रेडवरच चालतो. तो थ्रेड अडला की बाकीचे कोअर मोकळे बसतात. १५ डब्यांच्या लोकलमध्ये १२ डब्यांच्या लोकलपेक्षा जास्त माणसं मावतात, पण ठाण्याहून सीएसएमटीला ती लवकर पोहोचत नाही.

ही अडचण टास्क मॅनेजरमध्ये सहसा लपून राहते. गेम अडखळतोय आणि सीपीयू तर १५ टक्केच वापरात दिसतोय, म्हणजे दोष ग्राफिक कार्डाचा, असं समजून मुलं नवं कार्ड घ्यायला निघतात. थांबा. २८ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ३.६ टक्के दिसतो. परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करा आणि लॉजिकल प्रोसेसर्सचा पर्याय निवडा. छोट्या चौकोनांपैकी एखादा सतत वर टेकलेला असेल आणि त्याच वेळी ग्राफिक कार्डाचा वापर ५०-६० टक्क्यांवर अडकला असेल, तर प्रोसेसर कमी पडतोय. विंडोज तोच थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, त्यामुळे चौकोन कधीकधी आलटूनपालटून चढतात. म्हणून ग्राफिक कार्डाचा आकडा बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

गेमसाठी दुसरी महत्त्वाची गोष्ट कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला तेव्हा ३२ एमबीच्या कॅशवर आणखी ६४ एमबी रचून ती ९६ एमबी केली. त्यानंतरचे ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी हेही ८ कोअर आणि ९६ एमबीवालेच. गेम लागणारी माहिती सारखी मागत राहतो. ती रॅमपर्यंत न जाता प्रोसेसरमध्येच सापडली की फ्रेमचा वेळ वाचतो. झिऑन ई५-२६८० व्ही४ लाही ३५ एमबी कॅश आहे, पण गेमला हवा तो वेग कोअरमध्येच नाही.

मग सर्व्हर प्रोसेसरचा क्लॉक कमी का ठेवतात? ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये मशीनवर शेकडो ग्राहकांची कामं एकाच वेळी पडतात. एएमडीच्या एपिक ९६५४ या सर्व्हर प्रोसेसरमध्ये ९६ कोअर आहेत, बेस क्लॉक २.४ गिगाहर्ट्झ, टीडीपी (आवरायची उष्णता) ३६० वॉट. इतके कोअर एका चिपमध्ये बसवून सगळ्यांना दिवसरात्र काम द्यायचं तर प्रत्येकाला ५ गिगाहर्ट्झवर पळवून चालत नाही; वीज आणि उष्णता दोन्ही आवरणार नाहीत. त्याच्या कामासाठी तो उत्तम आहे. ते काम गेमिंगचं नाही, एवढंच.

दोन झिऑनचा बोर्ड घेणं तर गेमसाठी आणखी वाईट. अर्धी रॅम एका प्रोसेसरला जोडलेली, अर्धी दुसऱ्याला. पलीकडची माहिती आणायला जास्त वेळ लागतो. त्यात विंडोज होम एडिशन टाकली तर ती एकच सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) वापरते आणि दुसरा प्रोसेसर नुसता बसून राहतो. दोन सॉकेटला विंडोज प्रो लागते.

हे वाचून सेकंडहँड झिऑन भंगार आहे असं मात्र समजू नका. व्हर्च्युअल मशीन (एका पीसीच्या आत चालणारे आभासी पीसी) चालवून नेटवर्किंग शिकायचं आहे, ब्लेंडरमध्ये रात्रभर रेंडर लावायचा आहे, एकाच मशीनवर पाच-सहा लिनक्स उभे करायचे आहेत, अशा मुलाला मी स्वतःच तो सुचवतो. ६४ किंवा १२८ जीबी रॅम त्याच्यावर ज्या किमतीत होते, तितक्यात नव्या डेस्कटॉपवर होत नाही.

रॅमचा स्टिकर न वाचणं

'नवीन रॅम टाकली, पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही.' ही तक्रार आली की मी आधी रॅम बाहेर काढून तिचा स्टिकर वाचतो. त्यावर पीसी४-२४००टी असं काहीतरी असतं आणि त्यापुढे डॅश देऊन एक-दोन अक्षरं. डॅशनंतरचं पहिलं अक्षर महत्त्वाचं. 'यू' म्हणजे साधी डेस्कटॉप रॅम. 'ई' म्हणजे ईसीसी (चुका शोधून दुरुस्त करण्याची सोय) असलेली, पण रजिस्टर (सूचना मध्ये धरून पुढे पाठवणारी चिप) नसलेली. 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, सर्व्हरची. 'एल' म्हणजे लोड-रिड्यूस्ड, तीही सर्व्हरचीच.

डीडीआर४ ची रजिस्टर्ड रॅम डेस्कटॉप बोर्डाच्या खाचेत अगदी व्यवस्थित बसते, क्लिपही लागते, आणि मशीन चालू होत नाही. एएमडीचा एएम४ सॉकेट असो वा इंटेलचा एलजीए १७००, डेस्कटॉप प्लॅटफॉर्म ती रॅम चालवतच नाही. बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून, बॅटरी काढून, स्लॉट बदलून तासन्‌तास घालवू नका. ती परत करा आणि 'यू'वाली आणा. डीडीआर५ मध्ये दोन्ही प्रकारांची खाचच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे रॅम बसत नसेल तर जोर लावू नका. जोर लावला की स्लॉट जातो, मग बोर्ड.

ईसीसी हवी असलेल्यांची चूक वेगळी. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत चूक दुरुस्त करण्याची सोय असते, आणि दुकानात कुणीतरी तिलाच ईसीसी म्हणून सांगतं. ती दुरुस्ती चिपपुरतीच. रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिच्या हाती लागत नाही, आणि विंडोजला कळवलीही जात नाही. डीडीआर४ च्या खऱ्या ईसीसीत ६४ बिटांसोबत ८ जादा बिट असतात. एका बिटाची चूक दुरुस्त होते, दोन बिटांची पकडली जाते. रॅमच्या काड्या हातात घेऊनही हे दिसतं: साध्या एकेरी काडीवर ८ काळ्या चिप, तशाच ईसीसी काडीवर ९.

रायझनच्या (एएमडीच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या) बऱ्याच बोर्डांवर 'ई' प्रकारची ईसीसी चालते, पण बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं पाहिजे. इंटेलच्या १२ ते १४ पिढीत त्यासाठी बोर्डावर डब्ल्यू६८० चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप) लागतो. बी७६० किंवा झेड७९० वर ईसीसी चालू होत नाही. हे खरेदीआधी बघा, नंतर काही करता येत नाही.

ऑफिसचा सर्व्हर म्हणून गेमिंग पीसी बसवणं

सीएंच्या ऑफिसात आठ-दहा टेबलांवरून टॅली आणि एक्सेलच्या फायली एकाच मशीनवर उघडलेल्या असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते मशीन दिवसभर आणि बऱ्याचदा रात्रीही चालू असतं. अशा ठिकाणी १० टक्के जास्त वेगाची कुणालाच गरज नसते. हिशेबाची फाइल खराब होऊ नये आणि मशीन मध्येच बंद पडू नये, एवढीच गरज असते.

बसवून दिलेल्या गेमिंग पीसीत मला बहुतेक वेळा एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू दिसतं. म्हणजे रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलेली. गेम खेळताना कधीतरी क्रॅश झाला तर आपण पुन्हा सुरू करतो. हिशेबाच्या मशीनवर तो धोका घ्यायचं कारणच नाही. बायोसमध्ये जाऊन ते बंद करा, रॅमवर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावा, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या नोंदी आहेत का बघा. असतील तर हार्डवेअर चुका होत आहेत असं समजा.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा आय५, आय७ किंवा आय९ चोवीस तास चालवत असाल तर बायोस आजच तपासा. या पिढ्यांच्या डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते हळूहळू खराब होण्याचा दोष २०२४ मध्ये समोर आला. इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणाऱ्या, प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला, ०एक्स१२९ आणि मग ०एक्स१२बी, आणि बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेट पुढचं नुकसान थांबवतं. आधीच बिघडलेली चिप त्याने सुधारत नाही. अपडेटनंतरही क्रॅश होत असतील तर वॉरंटीत बदलून घ्या.

लहान ऑफिससाठी ९६ कोअर लागत नाहीत, हे मी ठासून सांगतो. एएमडीचा एपिक ४००४ हा २०२४ चा प्रोसेसर रायझनच्याच एएम५ सॉकेटवर बसतो आणि ईसीसी घेतो. इंटेलकडे झिऑन ई-२४०० आहे, ८ कोअरपर्यंत. यांपैकी एखाद्याचा तयार टॉवर सर्व्हर, दोन डिस्क आरशासारख्या एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या, चांगला यूपीएस आणि ऑफिसबाहेर ठेवलेला बॅकअप, एवढ्यात काम होतं. जास्त कोअर घ्याल तर काही सॉफ्टवेअरचं लायसन्सही कोअरवर मोजलं जातं. विंडोज सर्व्हरला एका मशीनमागे किमान १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं, त्यापुढचे कोअर वेगळे.

मित्रांसाठी गेमचा सर्व्हर चालवायचा असेल तर मात्र डेस्कटॉप प्रोसेसरच घ्या. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक (जगाच्या हिशेबाच्या फेऱ्या) चालवतो, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद, आणि जगाचा मुख्य हिशेब एकाच थ्रेडवर होतो. स्वस्त जुन्या झिऑनवर १५ मुलं आत आली की ब्लॉक फोडल्यावर परत उगवायला लागतात. तिथे कोअर वाढवून फरक पडत नाही.

घेऊन झालंय, आता काय?

पहिल्यांदा चालू केल्यावर डिस्प्ले नाही: ग्राफिक कार्ड लावलंय का बघा. झिऑन ई५ मध्ये आणि 'एफ' लावलेल्या इंटेलमध्ये ग्राफिक्स नसतं, बोर्डाच्या एचडीएमआयवर काही येणार नाही. एएम५ आणि डीडीआर५ असेल तर पहिल्या वेळी रॅम ओळखायला काही मिनिटं लागू शकतात. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

गेम उघडतो आणि लगेच बंद होतो: झिऑन ई५ व्ही२ किंवा त्याआधीचा असेल तर त्यात एव्हीएक्स२ (प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांचा एक संच) नाही, आणि काही नवे गेम त्याशिवाय चालत नाहीत. यावर सेटिंगचा उपाय नाही.

व्हॅलोरंट हा गेम चालत नाही: विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. झिऑनसोबत येणाऱ्या स्वस्त बोर्डांवर टीपीएम बहुधा नसतो. झिऑन ई५ विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

सेकंडहँड एपिक दुसऱ्या बोर्डावर चालत नाही: काही कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये चालवलेला एपिक कायमचा त्या कंपनीच्या बोर्डाशी बांधला जातो. घेण्याआधी तो कुठल्या सर्व्हरमधून निघाला हे विचारा, आणि शक्य असेल तर तुमच्या बोर्डावर लावून दाखवायला सांगा.

रॅक सर्व्हर घरी आणण्याच्या विचारात असाल तर आधी तो चालू असताना ऐका. त्याचे छोटे पंखे इतके ओरडतात की वन बीएचकेत कुणाला झोप लागणार नाही. विजेचंही बघा: काम नसताना तो १५० वॉट ओढत असेल तर महिन्याला १०८ युनिट होतात. घरात दोन एसी असतील तर महावितरणच्या बिलात हे युनिट वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात.

लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ठाण्यातून, बिलावर प्रोसेसरचा सिरियल नंबर लिहून घ्या. बॉक्समधल्या इंटेल प्रोसेसरला कंपनीची वॉरंटी थेट मिळते; ट्रेमधल्या सुट्या प्रोसेसरची वॉरंटी विकणाऱ्याकडे असते, म्हणून तो किती दिवसांची देतोय ते बिलावर लिहून मागा. आणि चिपच्या पत्र्यावर 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' असं कोरलेलं दिसलं तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना आहे. तो विकायचा नसतो, त्याला वॉरंटी नसते आणि बायोस त्याला ओळखेलच असं नाही. दुकानातच परत करा.