मामींचा कॉम्प्युटर पुन्हा सुरक्षित केला (माझा अनुभव)

मामींच्या स्क्रीनवर अचानक "व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा" असं खोटं पान आलं, सोबत कर्कश भोंगा. त्यांनी फोन लावला, समोरच्याने सांगितलेलं रिमोट ॲपही (ज्यातून दुसऱ्याला लांबून आपला कॉम्प्युटर चालवता येतो) टाकलं. तो बँकेत लॉगिन करा म्हणू लागला तेव्हा मात्र त्यांनी फोन ठेवला आणि मला बोलावलं. ऐन वेळी सावध झाल्या, याचं मला फार कौतुक वाटतं.

आधी वायफाय बंद केलं. ॲपच्या सेटिंग्ज उघडल्या, तर कुणी 'हो' न म्हणताही आत येता येईल असा पासवर्ड त्याने ठेवून दिलेला! म्हणजे फोन ठेवला तरी दार उघडंच. ॲप काढलं, स्टार्टअपची यादी (कॉम्प्युटर लावताच आपोआप सुरू होणारे प्रोग्राम) तपासली आणि विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचं, म्हणजे विंडोज डिफेंडरचं, ऑफलाइन स्कॅन चालवलं. ते विंडोज सुरू होण्याआधी चालतं, त्यामुळे लपून बसलेलं सॉफ्टवेअरही सापडू शकतं.

पासवर्ड मात्र माझ्या फोनवरून बदलले. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकीचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जात नाहीत ना, हेही पाहिलं. बँकेला कळवलं.

भोंग्याचं मूळ ब्राउझरमध्ये निघालं: एका साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली होती. ती काढली. रोजच्या वापरासाठी ॲडमिन नसलेलं, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये मोठे बदल करण्याचे अधिकार नसलेलं, खातं करून दिलं. असं पान पुन्हा आलंच, तर ऑल्ट आणि एफ४ दाबून ब्राउझर बंद करायचा, हे मामींकडून करून घेतलं.