व्हॅनमधला संडास बदलताय? आधी रिकामा कुठे करणार ते सांगा

कॅम्पर व्हॅनचा संडास बदलायचा म्हटलं की सगळ्यांचं पहिलं लक्ष सीटकडे, सिरॅमिक घेऊ की प्लास्टिक, बसायला उंच आहे का, केवढ्याला पडतो. ते सगळं नंतर. पहिला प्रश्न हा की भरलेलं रिकामं कुठे करणार? तिकडे अमेरिकेत कॅम्पसाईटवर डम्प स्टेशन असतं, गाडीला पाईप लावला, व्हॉल्व्ह खेचला, झालं काम, आणि ते व्हिडिओ बघून आपल्यालाही वाटतं की गाडीखाली शंभर लिटरची टाकी टांगावी आणि वर मस्त फ्लशवाला कमोड बसवावा. आपल्याकडे ठाण्याहून पार दापोलीपर्यंत जा, अशी सोय वाटेत मिळेलच हे धरून चालू नका. राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात कॅराव्हॅन पार्कचा विषय आहे, पण तुमच्या रूटवर नक्की काय आहे ते निघायच्या आधी फोन करून विचारलेलं बरं. नाहीतर टाकी फुल, गाडी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये आणि आतून वास.

म्हणून नव्याने निवडत असाल तर माझं मत सरळ आहे, कॅसेट टॉयलेट घ्या. बसायचा भाग आत फिक्स असतो आणि खालची मैल्याची टाकी, म्हणजे कॅसेट, गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या छोट्या दारातून ओढून काढता येते. साधारण १७ ते २० लिटरची असते, बऱ्याच मॉडेलना चाकं आणि हँडल असतं, ती घरी न्यायची, आपल्याच कमोडमध्ये हळूहळू ओतायची आणि फ्लश करायचं. भरलेली कॅसेट वीस किलोच्या आसपास जाते, त्यामुळे लिफ्ट बंद असली तर जिन्याने कोण नेणार ते आधी घरात ठरवून घ्या. वॉचमनकाका "काय आणलंत?" विचारतात, त्यांना आंबे वगैरे सांगू नका, मागतील. आणि सोसायटीबाहेरच्या पावसाळी गटारात तर अजिबात ओतायचं नाही, ते ड्रेनेज नसतं, ते नाल्यात जातं आणि नाला खाडीत. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, फ्लेमिंगोंना आपली कॅसेट नको.

ज्यांची गाडी छोटी आहे, मारुती ईको किंवा तत्सम, त्यांनी फिक्स काहीच बसवू नये, पोर्टेबल घ्यावा. थेटफर्ड कंपनीचा पोर्टा पॉटी ३६५ घेतलात तर वर १५ लिटर पाणी, खाली २१ लिटर मैला, मधे क्लिप, बस्स. फक्त फ्लोअरला ब्रॅकेट मारून घट्ट बसवा, नाहीतर पहिल्याच जोरदार ब्रेकला तो पुढे येईल. कंपोस्टिंग टॉयलेट परदेशात फार गाजतात, त्यात शू वेगळी आणि बाकीचं कोकोपीटमध्ये, पण त्याला कोरडेपणा लागतो, आणि जेट (धुवायचा पाण्याचा फवारा) मारणाऱ्या माणसाला तो झेपत नाही. शिवाय जुलैच्या दमट हवेत तुमचं कोकोपीट काय वाळणार. पुढे जाऊ.

जेट हाच आपला खरा घोळ आहे. ही सगळी टॉयलेटं टिश्यूवाल्या माणसांचा हिशोब धरून बनवलेली आहेत, फ्लशला अर्धा-एक लिटर, संपलं. आपला हेल्थ फॉसेट मिनिटाला पाच-सहा लिटर सहज सोडतो, म्हणजे वीस सेकंद दाबून धरला की दोन लिटर टाकीत गेलं, आणि चार माणसांत १८ लिटरची कॅसेट रात्रीपर्यंत भरली. त्यापेक्षा अर्ध्या लिटरची बाटली किंवा लहान मग ठेवा, सगळ्यांना एकदाच सांगा की एवढ्यातच भागवायचं. सासूबाई कुरकुर करतील. त्यांना कॅसेट ओतायला सोबत न्या, कुरकुर थांबेल. जेट ठेवायचाच असेल तर त्याच्या लाईनवर छोटा कॉक टाकून प्रेशर कमी करून घ्या.

आता ज्यांच्या गाडीखाली टाकी आधीपासून आहे आणि फक्त वरचा कमोड बदलायचाय, त्यांच्यासाठी. हा प्रकार म्हणजे ग्रॅव्हिटी फ्लश, पायाने पेडल दाबलं की खालची प्लेट सरकते आणि माल सरळ टाकीत. इथे ऑर्डर द्यायच्या आधी टेप घेऊन बसा. मागच्या तयार भिंतीपासून फ्लॅन्जच्या, म्हणजे जमिनीवरच्या त्या गोल तोंडाच्या, मध्यापर्यंत किती इंच आहे ते मोजा, बऱ्याच अमेरिकन मॉडेलना ११ इंचाच्या आसपास जागा लागते, पण तुम्ही घेताय त्या मॉडेलच्या ड्रॉइंगमधला आकडाच खरा. सीटची उंचीही बघा, लो प्रोफाईल १३-१४ इंच असतो आणि हाय प्रोफाईल १७-१८, जमिनीत चढ किंवा व्हील आर्चवरचा ओटा असेल तर लो लागतो. दार उघडल्यावर गुडघा आपटतो का तेही बसून बघा, खुर्ची ठेवून ट्राय करा, लाजू नका. प्लास्टिकचा कमोड पाच किलोच्या आसपास भरतो, सिरॅमिकचा त्याच्या तिप्पट-चौपट, साफ करायला सिरॅमिक छान पण वजन गाडीलाच ओढायचंय. घरचा कमोड मात्र बसवू नका, अगदी स्वस्तात मिळाला तरी. आमच्या इथल्या एका फॅब्रिकेटरने एका गाडीत घरचाच कमोड पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवून दिला होता, सिमेंट दर खड्ड्याला थोडं थोडं सुटत गेलं आणि पाणी प्लायखाली मुरत राहिलं, वरून काही कळलंच नाही.

काढायच्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करून दोनदा पाण्याने खळबळून घ्या. पाण्याचा पंप बंद, मग नळ उघडून लाईनमधलं प्रेशर सोडा. गॅस शेगडी बंद, सिगरेट बंद, दारं-खिडक्या उघड्या, कारण टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाईड असतो. हातमोजे घाला. पाण्याचा पाईप सोडवा, खालचे दोन नट पान्ह्याने काढा. गंजून बसले असतील तर जोर लावत बसू नका, हॅक्सॉ ब्लेड आडवं घालून बोल्ट कापा, नवे बोल्ट तसेही टाकायचेच आहेत. कमोड उचलला की लगेच भोकात जुना टॉवेल कोंबा, वास तर थांबतोच पण मुख्य म्हणजे नट टाकीत पडत नाही.

मग फ्लॅन्जच्या भोवतीची जमीन स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर प्लाय कुजलंय, तिथेच थांबा, तेवढा भाग कापून ७१० ग्रेडचं मरीन प्लाय बसवा, त्यावर कमोड नंतर. हे टाळून वर नुसतं सिलिकॉन मारणारे बरेच आहेत, सहा महिन्यांनी कमोड डोलायला लागतो.

फ्लॅन्ज तुटलेला असेल तर मोठी गंमत. अमेरिकन ३ इंची पाईपचा बाहेरचा व्यास ८८.९ मिलिमीटर असतो आणि आपल्या हार्डवेअरमध्ये सर्रास मिळणारा एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचा पाईप ७५ किंवा ११० चा. दुकानदार "तीन इंचीच आहे साहेब, बसेल" म्हणेल, नाही बसत. जुना तुकडा सोबत घेऊन जा, मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात रबर कपलिंग शोधा किंवा वागळे इस्टेट, तुर्भे एमआयडीसीत लेथवाल्याकडून मधला तुकडा करून घ्या. आणि काळा एबीएस (वेगळ्या प्लास्टिकचा) पाईप असेल तर पीव्हीसीच्या सोल्युशनने तो धड चिकटत नाही.

बसवताना मेणाची रिंग नको, गाडीच्या हादऱ्याने आणि गाडी उन्हात तापली की ती टिकत नाही, कमोडसोबत येणारा रबरी सीलच वापरा. फ्लॅन्जचा वरचा काठ तयार जमिनीपेक्षा पाव इंच ते जेमतेम अर्धा इंच वर असायला हवा, फरशीचा नवीन थर टाकला असेल तर हे हमखास बिघडतं. बोल्ट उभे करा, सील बसवा, टॉवेल काढा (हे विसरणारे निघतात, हसू नका), कमोड सरळ वरून खाली आणा, वाकडा सरकवू नका, वर बसून वजन द्या. मग नट एकदा डावा एकदा उजवा असे आळीपाळीने हाताने टाईट, आणि नंतर पान्ह्याने थोडंसंच. डोलत नसेल तर पुरे, अजून आवळलंत तर सिरॅमिकला तडा. बुडाला सिलिकॉन लावायचंच असेल तर पुढून आणि बाजूने लावा, मागची बाजू मोकळी सोडा, म्हणजे सील गळला तर पाणी बाहेर दिसेल, प्लायमध्ये जिरणार नाही.

पाण्याच्या कनेक्शनला मात्र नीट लक्ष द्या, कारण इथे सगळ्यात जास्त फसायला होतं. अमेरिकन अर्धा इंची आटे एनपीटी पद्धतीचे आणि आपले बीएसपी पद्धतीचे, दोन्हींना इंचाला १४ आटेच, त्यामुळे आपलं ब्रास फिटिंग त्यात दोन-तीन फेरे अगदी मख्खन जातं आणि वाटतं बसलं. पण आट्याचा कोन वेगळा, एकात ६० अंश आणि दुसऱ्यात ५५, मग ते अडकतं, प्लंबर पान्हा लावून अजून अर्धा फेरा देतो, आणि कमोडचं प्लास्टिकचं तोंड चिरतं. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, चिरलेलं चिरलेलंच. रबरी वायसरवाला फ्लेक्झिबल कनेक्टर घ्या, तो वायसरवर सील होतो, आट्यावर नाही, आणि हातानेच आवळा. "दादा, पान्हा खाली ठेवा" एवढं सांगायची हिंमत ठेवा.

कॅसेटवाल्यांचं काम त्या मानाने सोपं, त्याच सिरीजचं नवीन मॉडेल घेतलंत तर बहुतेक वेळा बाहेरचं दार तेच चालतं, मापं जुळवून बघा. नव्याने दार कापताय तर आतून पिलर आणि वायरिंग कुठे आहे ते आधी बघा. पत्र्याची कापलेली कड उघडी ठेवू नका, प्रायमर आणि रंग लावा, नवी मुंबईची खारी हवा त्याला पहिल्याच पावसात गंज आणते, आणि फ्रेमखाली ब्युटाईल टेप (पाणी अडवणारी चिकट पट्टी) लावा. फ्लशचा मोटर १२ व्होल्टचा असेल तर वायर हाऊस बॅटरीवरून, म्हणजे गाडीतल्या दिवे-पंख्यांच्या वेगळ्या बॅटरीवरून ओढा, स्टार्टरवाल्या बॅटरीवरून नको, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेला फ्यूज बॅटरीजवळ टाका.

टेस्टिंग. पंप चालू करून प्रत्येक जॉइंटवर कोरडा टिश्यू फिरवा, डोळ्यांना न दिसणारा थेंब टिश्यूवर दिसतो. ग्रॅव्हिटीवाल्यात बाऊलमध्ये पाणी भरून तासभर सोडा, पातळी उतरली तर प्लेटच्या सीलमध्ये कचरा अडकलाय. ते पाणीच वास अडवतं, त्यामुळे ते टिकलंच पाहिजे. मग गाडी काढा आणि घोडबंदर रोडवरून एक चक्कर मारून या, आपल्याकडे हादऱ्यांची टेस्ट फुकटात होते, परत आल्यावर नट पुन्हा तपासा. एवढं करूनही वास आलाच तर छतावरची व्हेंट पाईप तुंबलीय का बघा, आणि फ्लश करताना छतावरचा पंखा बंद ठेवा, तो चालू असला की टाकीतली हवा वर खेचतो.

टाकीत फिनाईल, ॲसिड, ब्लीच काही नाही. रबर खराब होतं, आणि ब्लीच लघवीतल्या अमोनियाशी मिसळलं तर विषारी वायू होतो, त्या एवढ्याशा खोलीत. टॉयलेटचं केमिकल मिळतं ते टाका, फार्महाऊसच्या सेप्टिक टँकमध्ये ओतणार असाल तर निळ्या केमिकलऐवजी सेप्टिकला चालणारं हिरवं घ्या. सीलला खोबरेल किंवा व्हॅसलीन नको, सिलिकॉन ग्रीस लावा. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कॅसेट धुऊन, वाळवून, तिची प्लेट उघडी ठेवून द्या, बंद ठेवली तर सील चिकटतो. कमोड ऑर्डर करतानाच एक जास्तीचा सील मागवा, ऐन ट्रिपच्या वेळी तो वाशीत शोधायला जाल तर सगळे घरच्या फ्लश टाकीचाच वायसर दाखवतील.