काल्पनिक राष्ट्राचं सैन्य उभं करताय? या चुका टाळा

पुण्यात काल्पनिक राष्ट्रं रचणाऱ्यांची कमी नाही. कुणी कादंबरीसाठी, कुणी पटावरच्या युद्धखेळासाठी, कुणी निव्वळ हौसेनं नकाशा काढतं, राजधानी ठरवतं आणि लगेच सैन्याच्या यादीकडे वळतं. असे आराखडे मी आवडीनं वाचते. नद्या, घाट, घराण्यांच्या वंशावळी, सगळं मन लावून केलेलं असतं. सैन्याचं पान आलं की मात्र बहुतेकांची तीच गत होते: ८०० रणगाडे, ३०० लढाऊ विमानं, दोन विमानवाहू जहाजं. या सगळ्यांना खायला कोण घालतं, याचा पत्ताच नसतो.

सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. याच हिशेबात दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद धरलेला आहे. पाणी आणि नाल यांची सोय अगदी लहान तुकडीपासूनच केलेली. तुमच्या राष्ट्राच्या फौजेत पखालजी कोण, हे आधी ठरवा. बऱ्याचशा चुका तिथेच निस्तरतात.

शस्त्रं आधी, भूगोल मागून

डोंगराळ, पावसाळी देश आणि त्याच्या पदरी सर्वात वजनदार रणगाडे, ही जोडी मला वारंवार भेटते. अर्जुन रणगाड्याची नवी आवृत्ती जवळपास ६८ टनांची आहे, टी-९० साधारण ४६ टनांचा. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण पूल लागला की तो कळतो. एकदा भोरवरून वरंधा घाटानं महाडकडे उतरून बघा. वळणं, दरडी, अरुंद मोऱ्या. पावसाळ्यात तिथली जड वाहतूक बंद ठेवावी लागते. अशा मुलखात ६८ टनी रणगाडा कुठे वळवणार?

म्हणून आधी शत्रू कुठून येईल ते लिहा, मग वाटेतले पूल आणि खिंडी मोजा. शस्त्रं त्यानंतर. रणगाडे हवेच असतील तर त्यांच्यासोबत पूल टाकणारं दळही द्या. दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेनं बनवलेला ‘सर्वत्र’ पूल पाच ट्रकांवरून जातो आणि ७५ मीटरचं अंतर जोडतो. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दळाचं, केंद्र आहे. ज्या शहरात सॅपर्स एवढे जवळ आहेत, तिथल्या लेखकांच्या फौजेत इंजिनिअर नसावेत याचं मला खरंच वाईट वाटतं.

लोकसंख्येला न पेलणारी फौज

४० लाखांचा देश आणि ५ लाखांची खडी फौज. म्हणजे दर आठ माणसांमागे एक शिपाई. मुलं आणि म्हातारी माणसं वजा केली तर शेतात, कारखान्यात, शाळेत उरणार कोण? भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर आहे आणि तिन्ही दलं मिळून सैनिक साधारण १४ लाख, म्हणजे हजारी एक. इस्राएलसारख्या सक्तीची सैन्यसेवा असलेल्या देशातही खडी फौज शेकडा दोनच्या आसपासच असते. मोठी ताकद राखीव सैनिकांची.

४० लाखांच्या देशाला २० हजारांची खडी फौज द्या आणि बाकीचे राखीव ठेवा. मग रचना आपोआप जागेवर येते. दहा जणांचा सेक्शन, साधारण ८०० जणांची बटालियन, तीन बटालियनची ब्रिगेड, तीन ब्रिगेडची डिव्हिजन. एका डिव्हिजनमध्ये पायदळाच्या नऊ बटालियन, म्हणजे जेमतेम ७,२०० माणसं. उरलेल्यांत तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल, वैद्यकीय पथकं आणि रसद. तुमच्या देशाला एकच डिव्हिजन परवडते आणि तिला एक मेजर जनरल पुरतो. सात फील्ड मार्शल खोडून टाका.

कथेत बंड होणार असेल, तर किल्ल्यांच्या जुन्या कारभाराकडे जरूर पाहा. गडावर हवालदार, दफ्तर सांभाळणारा सबनीस आणि पहाऱ्यावरचा सरनोबत असे वेगवेगळे अधिकारी असत, कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे असे. एकट्या माणसाला गड परस्पर शत्रूच्या हवाली करता येऊ नये, अशी ती व्यवस्था होती. बंड रंगवायचं तर यातलं कोण फितूर झालं आणि किल्ल्या कुणाकडे राहिल्या, इथून सुरुवात करा.

तोफ आहे, गोळा नाही

ही सर्वात मोठी चूक, म्हणून इथे थोडी थांबते.

पिनाक या रॉकेट लाँचरचं नाव या आराखड्यांत वेष बदलून हमखास येतं. पिनाक पाषाणच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेनं विकसित केलेलं, त्यामुळे पुणेकरांना त्याचं अप्रूप असणं साहजिक आहे. एक लाँचर ४४ सेकंदांत १२ रॉकेटं सोडतो. सहा लाँचरची एक तुकडी, म्हणजे बॅटरी, धरली तर ७२ रॉकेटं. मूळ आवृत्तीतलं एक रॉकेट साधारण पावणेतीनशे किलोचं, म्हणजे पाऊण मिनिटात जवळपास २० टन दारूगोळा संपला. लेखक इथे परिच्छेद संपवतात. खरी लढाई इथून पुढची आहे: दुसरा भरणा कुठल्या ट्रकवर आहे, तो किती मागे उभा आहे, आणि तोवर लाँचरनं जागा बदलली का?

साध्या तोफांचंही तेच. १५५ मिमी तोफेचा गोळा साधारण ४३ किलोचा. १८ तोफांच्या रेजिमेंटनं दिवसाला प्रत्येकी शंभर गोळे डागले तर ७७ टन नुसते गोळे झाले. पाच टनी ट्रक धरले तर १६ ट्रक, तेही रोज. रस्ता एकच असेल तर त्याच रस्त्यानं जखमी मागे येणार आहेत. हे गणित पानावर आलं की प्रसंग स्वतःच उभा राहतो.

काडतुसांतही गडबड होते. रायफल ७.६२, मशीनगन ७.६२, म्हणजे एकच गोळी चालेल असं धरून चालतात. चालत नाही. एके-२०३ रायफलीला ३९ मिमी लांबीचं काडतूस लागतं, जुन्या एसएलआर रायफलीला ५१ मिमीचं. दोन्ही प्रकार ठेवायचे तर दोन पुरवठे, दोन कोठारं. शिवाय ‘५२ कॅलिबरचा गोळा’ असं लिहू नका. १५५ मिमी, ५२ कॅलिबर म्हणजे नळी तिच्या व्यासाच्या ५२ पट लांब, साधारण आठ मीटर.

आणि दारूगोळा बनतो कुठे? खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे. तुमच्या देशातला असा कारखाना नकाशावर दाखवा. नसेल तर माल कुठल्या बंदरातून येतो आणि ते बंदर कुणाच्या मर्जीवर चालतं, हे सांगा.

पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या, कवायती पायदळ होतं. पण रसद तुटलेली होती. १४ जानेवारी १७६१ ला मराठी फौज लढायला बाहेर पडली ती उपासमारीनं टेकीला येऊन. सोबत यात्रेकरू आणि बायकामुलंही होती. हा इतिहास इथे घरोघरी ठाऊक आहे, तरी काल्पनिक युद्धांत भूक येत नाही, हे मला फार खटकतं.

माहिती कुठून काढावी

कॅम्पातल्या युद्धस्मारकाजवळ ठेवलेला वैजयंता रणगाडा जवळून पाहा. त्याच्या आत माणसं किती अवघडून बसत असतील ते कळेल. शस्त्रांसाठी केळकर संग्रहालयात जा. ओळखीत निवृत्त सुभेदार असतील तर त्यांना तैनाती किंवा ठाण्यांबद्दल विचारू नका, तसंच लष्करी आवारांचे फोटोही काढू नका. लंगर कसा चालायचा, चौकीवर पाणी कसं पोचायचं, पत्रं किती दिवसांनी यायची, हे विचारा. तासभर बोलतील.

आराखडा आधीच तयार असेल तर

सगळं फाडू नका. विमानवाहू जहाजं काढा. विक्रांतसारख्या एका जहाजावर दीड हजाराहून जास्त माणसं लागतात आणि एक डागडुजीला गेलं की दुसरं हवंच. रणगाडे निम्मे करा, वाचलेली माणसं रसदीला आणि इंजिनिअर दळाला द्या. त्यानंतरही एखादी विसंगती उरली आणि ती तुमच्या जिवाभावाची असली, तर तिला इतिहास द्या. १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात बोलिव्हियानं आपला समुद्रकिनारा चिलीला गमावला, तरीही त्या देशाचं नौदल आजही टिटिकाका सरोवरात आहे. तुमच्या डोंगरी राष्ट्राकडे उंटदळ असेल तर ते राहू द्या. कुठलं वाळवंट गमावलं, कुठल्या पिढीत, आणि त्या उंटांचा चारा आता कुठून येतो, एवढं मात्र लिहा.