लाकडी जमिनीवरचे जुने कमोड बदलताना

अमेरिकेतील जुन्या लाकडी घरात कमोड बदलायचे असल्यास नवे विकत घेण्याआधी मागच्या भिंतीपासून बुडाशी असलेल्या बोल्टच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. हे अंतर बहुधा 12 इंच असते, परंतु जुन्या घरांत ते 10 किंवा 14 इंचही आढळते आणि अंदाजाने आणलेले कमोड मग जागेवर बसतच नाही.

जुने कमोड उचलताच जमिनीतल्या सांडपाण्याच्या नळाच्या तोंडात चिंधीचा बोळा घालावा, म्हणजे गटारातला वायू घरात येणार नाही. यानंतरची जमिनीची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कमोड आणि नळ यांमधला सांधा बंद करणारी मेणाची रिंग वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने गळत असली, तरी वरची फरशी कोरडी दिसते आणि खालचे लाकूड मात्र कुजत राहते. फ्लॅंजभोवतीच्या (नळाच्या तोंडावरची कडी, जिला कमोड बोल्टने जोडतात) फळीत पेचकसाचे टोक दाबून पाहावे; ते भिजलेल्या पावात शिरावे तसे आत गेले, तर कुजका भाग कापून, खालच्या तुळया तपासून, नवे प्लायवूड ठोकल्याशिवाय पुढे जाऊ नये. खालच्या नळाचा वळणाचा तुकडा शिशाचा निघाला, तर जाणकार प्लंबरलाच बोलवावे.

फ्लॅंज तयार जमिनीच्या वर टेकलेली आणि लाकडात स्क्रूने घट्ट बसवलेली असावी. मेणाची रिंग दरवेळी नवीच घ्यावी. कमोड डगमगत असेल, तर बोल्ट आवळून ते दाबू पाहू नये, कारण त्याने चिनी माती तडकते. आधी बुडाखाली प्लास्टिकच्या पाचरी सारून ते स्थिर करावे आणि मगच दोन्ही बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत.