मेडिकलमधे टीचिंगला राहायचंय? मग आधी हे वाचा

दरवर्षी एमडीचा रिझल्ट लागला की दोनचार पोट्टे केबिनमधे येतात, सर आम्हाले बी टीचिंगमधेच राहायचं आहे, कसं करू? तेच ते किती वेळा सांगणार, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. मी नागपुरात मेडिसिन शिकवतो, बाकी ब्रँचवाल्यांनी आपापलं पाहून घ्या.

आधी कागदाचं उरकू. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर इंटर्नशिप एक वर्ष, मग नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, एमडी तीन वर्षं, त्यानंतर मान्यताप्राप्त कॉलेजात एक वर्ष सिनियर रेसिडेन्सी, म्हणजे वरिष्ठ निवासी डॉक्टरकी, तेव्हा कुठं असिस्टंट प्रोफेसर. चार वर्षांनी असोसिएट, आणखी तीन वर्षांनी प्रोफेसर, पण नुसती वर्षं भरून होत नाही, छापलेले रिसर्च पेपर लागतात, बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स लागतो, शिकवायचं कसं याचाही कोर्स लागतो. सरकारी कॉलेजात पक्कं व्हायचं तर एमपीएससीच्या जाहिरातीवर डोळा ठेवा. नियम बदलत राहतात, एनएमसीची, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची साइट बघत जा. आणि जॉइनिंग, रिलीव्हिंग, एक्सपिरियन्सचा प्रत्येक कागद त्याच दिवशी घ्या, मी एक रिलीव्हिंग ऑर्डर "नंतर घेऊ" म्हणून सोडली आणि मग आठ महिने चकरा मारल्या.

कुठं राहायचं? इथं नागपुरात मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, 1947 पासूनचं, मेयो हे दुसरं सरकारी कॉलेज आहे, मिहानला एम्स आहे, तासादीड तासावर सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज. माझं मत विचाराल तर बिल्डिंग पाहू नका, वॉर्ड पाहा. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट जिथं येऊन पडतो तिथं शिकायलाही मिळतं आन शिकवायलाही.

आता खरी गोष्ट. मी नवीन असताना ऐंशी स्लाइड वाचून दाखवायचो आणि तर्री पोहे खाऊन आलेली अख्खी बॅच झोपायची, त्यांची काय चूक बापा. मग एकदा राउंडला सिकलसेलचा (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होतात तो आनुवंशिक आजार) 22 वर्षांचा पोरगा होता, एक इंटर्न म्हणाली सर याची स्प्लीन, म्हणजे प्लीहा, बरगडीखाली चार बोटं हाताला लागते, पण पुस्तकात तर लिहिलंय की लहानपणी वाढते आणि मग आत रक्त अडकून अडकून सुकून जाते, मोठेपणी हाताला लागतच नाही. मी स्लाइडमधे तेच शिकवलं होतं! झालं असं की पुस्तकातलं वर्णन बहुतेक आफ्रिकन वंशाच्या पेशंटवरून आलेलं, आपल्याकडच्या पेशंटमधे जनुकाचा प्रकार वेगळा, फीटल, म्हणजे गर्भात असतानाचं, हिमोग्लोबिन जास्त, त्यामुळे कित्येकांची स्प्लीन मोठेपणीही टिकून असते. त्या दिवसापासून मी लेक्चर खाटेपासून सुरू करतो. आधी पोटावर हात ठेवा, काय लागलं ते बोला, मग पुस्तक उघडा, पुस्तकाशी जुळत नसेल तर भांडा.

रिसर्च पेपरचंही हेच आहे. टॉपिक इंटरनेटवर शोधू नका, राउंडला जो प्रश्न अडला तो डायरीत तारखेसकट लिहा. नवजात बाळांवर काम केलेले डॉ. अभय बंग आणि विंचूदंशावर काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर, दोघंही आपल्याच मेडिकलचे एमबीबीएस, आणि दोघांचे प्रश्न समोरच्या पेशंटमधूनच आले, एकाचे गडचिरोलीच्या बाळांतून, दुसऱ्याचे कोकणातल्या विंचवांतून.

पेशंटची बोली शिका. "आंगात कणकण हाये", "जीव घाबरून राहिला" हे केसपेपरवर त्याच्याच शब्दात उतरवायचं, लगेच इंग्रजी करायचं नाही, अर्धी हिस्ट्री तिथंच हरवते. आणि विद्यार्थ्याला पेशंटसमोर झापू नका. त्याला अपमान वाटतो ते जाऊ द्या, पण पेशंटचा त्याच्यावरचा विश्वास उडतो आणि मग रात्री सलाइन लावायला तोच पोरगा जातो.

पैशाचं सांगायचं तर नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत स्वतःच्या दवाखान्याचा बोर्ड लावलेले बॅचमेट तुमच्या पुढं जाणारच, घरी हे आधीच बोलून ठेवा, लग्नानंतर नाही.

माझ्या डायरीत सध्या अकरा प्रश्न पडून आहेत. ज्याला थेसिसचा टॉपिक पाहिजे त्याने येऊन घेऊन जा, फक्त सिनॉप्सिस, म्हणजे थेसिसचा आराखडा, जमा करायच्या आदल्या दिवशी येऊ नका.