घरच्या घरी सायकलचे रोलर बनवताना
पावसाळ्यात घरातच सायकलचा सराव करण्यासाठी तीन रोलरची, म्हणजे ज्यांच्यावर सायकलची चाके जागच्या जागी फिरतात अशा तीन नळकांड्यांची, चौकट घरी बनवता येते. त्यासाठी 110 मिलिमीटर व्यासाचा जाड पीव्हीसी पाइप, पाइपच्या टोकांत बसवायला प्लायवुडच्या सहा चकत्या, 12 मिलिमीटरचे लोखंडी दांडे, 6201 क्रमांकाची सहा बेअरिंग, रोलर जोडायला पट्टा आणि चौकटीसाठी मजबूत लाकूड एवढे साहित्य लागते. खरी कसोटी चकत्यांची असते, कारण चकतीतले बेअरिंगसाठीचे भोक मध्यापासून एक मिलिमीटर जरी सरकले, तरी रोलर प्रत्येक फेऱ्याला उसळतो आणि वेग वाढताच ती थरथर असह्य होते. म्हणून चकत्या करवतीने अंदाजे कापू नयेत, लेथवरच (कातकामाच्या यंत्रावर) कातून घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे. मागचे चाक दोन रोलरच्या मधोमध बसावे आणि पुढच्या रोलरचा दांडा पुढच्या चाकाच्या आसापेक्षा एक-दोन सेंटिमीटर पुढे असावा. मधला व पुढचा रोलर पट्ट्याने जोडण्याचे काम, कितीही किचकट वाटले तरी, टाळू नये, कारण पुढचे चाक फिरले नाही तर तोल सावरता येत नाही. पहिले काही दिवस चौकट भिंतीलगत ठेवून सराव करावा.