तबेल्यात मदतीला आलेल्या जोडीदाराने या चुका टाळा

घोड्याचं वेड असलेल्या माणसाशी संसार मांडला की आज ना उद्या हातात दोर येतोच. जोडीदार आजारी पडतो, बाहेरगावी अडकतो, किंवा नुसतं "पाच मिनिटं धर ना जरा" म्हणतो. अशा वेळी मदतीला उभी राहणारी माणसं मला फार मोलाची वाटतात, कारण त्यांना स्वतःला घोड्याची ओढ नसते. ती येतात ती आपल्या माणसासाठी. म्हणूनच त्यांना इजा होता कामा नये, आणि त्यांच्या हातून घोड्यालाही. तबेल्यातले बरेच घोटाळे आळसातून होत नाहीत. कुणीही न सांगितलेलं, चांगल्या मनाने केलेलं एखादं जादा काम त्यांच्या मुळाशी असतं.

उभं राहायची जागा

'साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये' हे सगळ्यांना पाठ असतं. त्यावरून घोड्याच्या पुढून गेलेलं चालतं, असं मात्र समजू नका. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला सुमारे ३५० अंशांतलं दिसतं, पण थेट शेपटीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं, नाकाखालचं दिसत नाही. नवखा माणूस समोरून येतो आणि लाडाने कपाळाकडे हात नेतो. घोड्याला तो हात येताना दिसतो आणि जवळ आल्यावर दिसेनासा होतो, म्हणून तो मान झटकतो. मग "हा माझ्यावर डूख धरून आहे" असा निष्कर्ष निघतो, जो साफ चुकीचा आहे. खांद्याच्या दिशेने, शक्यतो डावीकडून, तोंडाने काहीतरी बोलत या आणि पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवा. डावीकडून अशासाठी, की बहुतेक घोड्यांना त्याच बाजूने हाताळून घ्यायची सवय असते.

मागून जावंच लागलं तर एक तर पाठीवर हात ठेवून अगदी चिकटून जा, नाहीतर लाथ पोचणार नाही इतक्या लांबून. मधलं अंतर सगळ्यात वाईट, कारण तिथे लाथ पूर्ण जोराने बसते. पायांजवळ काही काम असेल तर उकिडवे बसा. गुडघे टेकले किंवा मांडी घातली की वेळेवर उठता येत नाही. पायात बंद, जाड बूट हवेत. चप्पल घालून तबेल्यात जायचंच नाही.

दोर आणि फाटक

दोर हाताला गुंडाळू नका. बोटांनाही नाही, मनगटालाही नाही. सरासरी घोड्याचं वजन ५०० किलोच्या आसपास असतं. तो दचकून मागे सरला की दोराचा वेढा आवळतो आणि बोटं सापडतात. उरलेला दोर घड्या घालून मुठीत धरा, म्हणजे ओढ बसली तर एकेक घडी सुटत जाते. हातमोजे घाला, अंगठी काढून ठेवा.

चालवताना घोड्याच्या पुढे जाऊन त्याला खेचायचं नाही. तुम्ही त्याच्याकडे तोंड करून ओढायला लागलात की तो जागीच रुततो. त्याच्या खांद्याशी उभे राहा, जिथे जायचंय तिकडे बघा आणि चालू लागा.

सर्वांत जास्त दुखापती मी कुरणाच्या फाटकाशी होताना पाहते, आणि त्याही दिवसभराचं काम संपल्यावर, दोघांनाही सुटायची घाई असताना. फाटक जेमतेम उघडलं तर घोड्याची कंबर खांबाला आपटते, आणि पुढच्या वेळी तो तिथून उधळतच जातो. म्हणून फाटक सताड उघडा. आत गेल्यावर घोड्याला पूर्ण वळवा, त्याचं तोंड फाटकाकडे आणि तुमची पाठ फाटकाशी. फाटक लावून घ्या. क्षणभर त्याला तसाच उभा राहू द्या, मान खाली येऊ द्या, मग म्होरकी (तोंडावरचा दोराचा किंवा पट्ट्याचा साज) काढा आणि मागे सरा. असं केलं की त्याला पळायचं असेल तर आधी वळावं लागतं, आणि तेवढ्या वेळात तुम्ही त्याच्या मागच्या पायांच्या टप्प्याबाहेर असता. तोंड कुरणाकडे असताना म्होरकी काढली तर आनंदाने मारलेली लाथही थेट छातीवर येते. शेवटी कडी हाताने ओढून पाहा.

बांधताना साधी निरगाठ नको. एका हिसक्यात सुटणारी गाठ शिकून घ्या आणि दोर थेट लोखंडी कडीला न बांधता कडीत अडकवलेल्या सुतळीच्या फाशाला बांधा. घोडा घाबरून मागे रेटायला लागला तर मान मोडण्यापेक्षा सुतळी तुटलेली बरी. वाहनात चढवताना आधी मागचा आडवा दांडा लावायचा, मग डोकं बांधायचं; उतरवताना आधी डोकं सोडायचं आणि मगच मागची बाजू उघडायची. हा क्रम उलटला तर मागची बाजू मोकळी आणि डोकं बांधलेलं, अशा अवस्थेत घोडा मागे रेटत बसतो.

खाऊ घालण्यातले घोटाळे

इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात घातक चुका याच भागात होतात.

घोड्याला ओकता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच जाणार. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर मात्र ८ ते १५ लिटरचंच असतं, आणि त्यात आम्ल सतत पाझरत राहतं. म्हणून त्याला थोडं थोडं, पण दिवसभर गवत हवं. शरीराच्या वजनाच्या किमान दीड टक्का सुका चारा रोज. तुम्हाला यायला उशीर झाला तर पहिल्यांदा गवत टाका, चंदी (दाण्याचा खुराक) नंतर. आणि एक वेळची चंदी हुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. हुकलेली हुकली.

"एक डबा" हे माप फसवं आहे. एक डबा ओट आणि तोच डबा भरून दाणेदार गोळीखाद्य यांच्या वजनात बराच फरक पडतो. पोतं संपलं म्हणून दुसऱ्या खाद्याने तोच डबा भरला, तर खुराक नकळत वाढतो. एकदा वजनकाट्यावर ठेवून डब्यावर खूण करून घ्या. खाद्य बदलायचंच असेल तर ७ ते १० दिवसांत हळूहळू बदलतात, आणि तो निर्णय मदतनिसाचा नाही.

गाई-कोंबड्यांचं खाद्य घोड्याला कधीही देऊ नका. त्यातल्या काहींमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गुरांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंना ते मारक ठरतं. यंत्राने कापलेलं हिरवळीचं गवतही नको. बारीक तुकडे घोडा न चावता बकाबका गिळतो आणि त्या ढिगाला आंबायला वेळ लागत नाही. कुंपण छाटल्यावर फांद्या कुरणात टाकायचा मोह आवरा. कण्हेरीची थोडीशी पानंही, अगदी वाळलेली सुद्धा, घोड्याचा जीव घेऊ शकतात.

गाजर द्यायचं तर उभं चिरून. गोल चकत्या घशात अडकू शकतात. खाताना घोडा खोकायला लागला, मान ताणली आणि नाकपुड्यांतून अन्नमिश्रित लाळ आली, तर घास अन्ननलिकेत अडकला आहे. चारा-पाणी दोन्ही काढून घ्या, तोंडात काहीही ओतू नका, डॉक्टरांना बोलवा.

पाण्याबद्दल एक जुना समज अजून टिकून आहे: घामेजलेल्या घोड्याला पाणी दिलं तर पोट धरतं. पिऊ द्या. साध्या हवामानात न राबणारा घोडा दिवसाला २५ ते ३० लिटर पितो, उन्हाळ्यात बरंच जास्त. टाकी भरलेली दिसते म्हणून पुढे जाऊ नका. हात घालून पाहा, त्यात मेलेला उंदीर किंवा लीद असेल तर घोडा तहानलेला राहील पण तोंड लावणार नाही.

आणि चंदीच्या खोलीचं दार. ते उघडं राहिलं आणि घोडा आत सापडला, तर तो मजेत दिसत असला तरी लगेच डॉक्टरांना फोन करा. किती खाल्लं असेल याचा अंदाज सांगा. अति दाण्याने पोटशूळ उठतो, आणि खुराच्या आतल्या पडद्यांना सूज येऊन लॅमिनायटिस होतो, ज्याची लक्षणं दिसायला एखादा-दोन दिवस लागू शकतात. उपचाराची खरी वेळ लक्षणांच्या आधीची असते. "बघू सकाळी" इथे चालत नाही. रागावतील म्हणून लपवणं तर नाहीच.

झूल, खूर आणि खरारा

झूल घालताना छातीचे पट्टे आधी, मग पोटाखालचे, मग पायांचे. काढताना बरोबर उलट. छातीचे आधी सोडले आणि घोडा हलला, तर झूल मागे घसरून मागच्या पायांत अडकते.

खूर आकड्याने टाचेकडून टोकाकडे साफ करायचा, मधल्या मऊ त्रिकोणी भागाला जपून. खिळा घुसलेला दिसला तर उपटू नका. डॉक्टरांना विचारा, कारण तो कुठे आणि किती खोल गेलाय हे त्यांना पाहायचं असतं. खराऱ्यात फारसं बिघडत नाही, फक्त पोट आणि मांड्यांच्या आत लोखंडी खरारा चालवू नका.

डॉक्टर आले की

घोडा धरताना डॉक्टर ज्या बाजूला, त्याच बाजूला तुम्ही. गडबड झाली तर डोकं स्वतःकडे ओढता येतं आणि मागचा भाग दोघांपासून लांब जातो. फोन खिशात ठेवा आणि घोड्याचे कान बघत राहा.

"काहीतरी वेगळं वाटतंय" हे बोलून न दाखवणं

मला घोड्यातलं कळत नाही, म्हणून मी कशाला बोलू? ही भीड घोड्याला महागात पडते. रोज येणाऱ्या माणसाला फरक दिसतोच: चारा तसाच पडलाय, लीद नेहमीपेक्षा कमी आहे, तो सारखा कुशीकडे वळून बघतोय, पुढच्या पायाने जमीन उकरतोय, लोळतोय, घाम फुटलाय. ही पोटशूळाची लक्षणं आहेत. चारा काढा, फोन करा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध देऊ नका. तो सारखा लोळायला बघत असेल आणि तुमच्या आवाक्यात असेल तर सावकाश फिरवा, पण दमवू नका. अंगावर येत असेल तर बाजूला व्हा.

धडधाकट घोड्याची विश्रांतीच्या वेळी नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. हे आकडे तबेल्याच्या भिंतीवर लावून ठेवा आणि घोडा धडधाकट असतानाच ते मोजायला शिका.

घोडेवाल्या जोडीदाराच्या चुका

"त्याला नेहमीसारखं दे" ही सूचना नव्हे. सकाळची चंदी पिशव्यांत मोजून, वर वेळ लिहून ठेवा. दोन घोडे असतील तर दारावर नावं आणि ओळख लिहा. तुम्हाला ते वेगळे दिसतात, इतरांना दोन्ही तांबडेच दिसतात. तापट घोडा नवख्याच्या हाती देऊन "काही करत नाही तो" म्हणू नका. जोडीदार भीती वाटते म्हणाला, तर त्याला लीद उचलायचं, पाणी भरायचं काम द्या; तेही मोठंच काम आहे. आणि घोड्यासमोर ओरडू नका, कारण मग दोर धरलेला हात आणि घोडा दोघंही एकदम ताठतात.

बाहेरगावी जाण्याआधी आणखी एक गोष्ट लिहून द्यायची, आणि ती बहुतेक जण विसरतात. रात्री घोड्याला शस्त्रक्रिया लागली आणि तुमचा फोन लागला नाही, तर होकार कुणी द्यायचा, खर्च किती मर्यादेपर्यंत करायचा, आणि वाचण्याची आशा नसेल तर त्याला यातनांतून सोडवायचं का, हे तुमच्या सहीने कागदावर असू द्या आणि त्याची एक प्रत डॉक्टरांकडेही ठेवा. घोड्यातलं काही न कळणाऱ्या माणसावर हा निर्णय एकट्याने घ्यायची वेळ आणू नका.